तीस इंच

जिंतूर रोडच्या दुकानात
पोरानं माझ्या मागं पाहिलं, दाराकडं.
"साहेब गाडी लावायलेत का?"
साहेब गंगाखेडच्या गाडीवर तिकिटं फाडायलेत, म्हणलं.
मला दाखव.

त्यानं दाखवलं. लाकडासारखं दिसणारं,
काचेचा वाडगा वर ठेवलेलं,
आरशाभोवती दिवे असलेलं.
"याला वॅनिटी म्हणतेत, ताई."
मी दार उघडून आत हात घातला,
बिजागरी हलवली, कडेची पट्टी नखानं उचकून पाहिली.
कापड घेताना उलटी बाजू बघावी.
सुलट काय, सगळ्यांचीच चांगली असती.

प्लाय नको. प्लाय पाणी पितं अन् फुगतं.
पीव्हीसीचं घेतलं, चोवीस इंची, राखी.
साडेसहा हजार,
म्हणजे अस्तराचे सव्वीस ब्लाउज.
त्यातले चौदा आष्टुरेबाईंच्या लेकीच्या लग्नाचे.

लतीफ मिस्तरी म्हणले, सोमवारी येतो.
सोमवार बरेच आले.
खोकं पलंगाखाली, त्यावर पसारा.
शेवटी शहनाजच्या पोराचं ड्रिल मागून आणलं
अन् दाराला आतून कडी लावली.

जुनं बेसिन छत्तीस इंचावर होतं.
घर बांधताना मिस्तरीनं मापाला ह्यांना उभं केलं होतं,
मी तेव्हा सगळ्यांचा चहा गाळत होते.
चौदा वर्षं तोंड धुताना
पाणी माझ्या कोपरावरून बगलेत उतरायचं,
उजवी बाही ओली, रोज.
जगाच्या बाह्या मी बसवते.

गिऱ्हाइकाला सांगते तसं स्वतःला सांगितलं :
सरळ उभं राहा, श्वास सोडा.
कोपर दुमडलं, खाली एक वीत सोडली,
गळ्यातला टेप जमिनीला लावला.
तीस.
खडूनं रेघ मारली. पुन्हा मोजलं.
कापड एकदा कापलं की कापलं, भिंत तर भिंतच.

खुणेवर चिकटपट्टी, म्हणजे बिट घसरत नाही.
तरी पहिल्या भोकाला टाइल चरकली, केसाएवढी.
बसले थोडा वेळ बादली पालथी घालून.
मग म्हणलं, ती कपाटामागं जाणार आहे.
बाकीची तीन भोकं हळू पाडली,
गट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले,
कपाट टांगून त्यावर दोन्ही हातांनी भार टाकला.
हललं नाही.
टेफलॉनची टेप मात्र उलटी गुंडाळत होते,
नट फिरवला की सुटून यायची.
बॉबिनसारखंच दिशेचं असतंय
हे कळायला अर्धी टेप गेली.

झालं. अन् टाकी कोरडी.
नळाला अजून तीन दिवस.
शिवलेलं अंगात घातल्याशिवाय कळत नाही,
गळतंय का नाही, कोण सांगणार?
जाता-येता तोटी उघडायची, बंद करायची,
एक तांब्या ओतून खालचा पाइप बघायचा.
तो बरा होता.
वरच्याचा भरवसा नव्हता.

रात्री अडीचला गल्लीतून हाक आली, "नळ यायलाय!"
मोटार लावली, टाकीत पाणी पडायला लागलं,
मी टॉर्च घेऊन कपाटात डोकं घातलं.
पाइपात आधी हवा खोकली.
मग डाव्या जोडावर एक थेंब जमला,
जमला, लोंबला, पडेना.
पान्यानं अर्धा आटा. आणखी पाव.
पुसून काढला. पुन्हा आला नाही.
तरी खाली अस्तराचा तुकडा अंथरून ठेवला,
पिस्ता रंगाचा, त्यावर डाग लगेच दिसतो.

सकाळी तुकडा कोरडा.
मी तोंड धुतलं, दोनदा.

हे साडेआठला आले, डोळ्यांत धूळ, खांद्याला बॅग.
बेसिनपुढं उभं राहिले.
आरशात नुसती हनुवटी अन् खाकी खिसा.
मग वाकले.
"खाली झालंय की गं हे."
हो, म्हणलं,
अन् मशीनवर बसले.
आष्टुरेबाईंची एक बाही अजून राहिली होती.